न उचललेला माल

बंदर म्हणजे काय, तर एक क्रेन,
दोन फोर्कलिफ्ट (त्यातली एक, दुसरीला सुटे भाग पुरवण्यापुरती जिवंत),
ऐंशी पावलांचा धक्का,
आणि मी, ताबिता, नोंदवही घेऊन.
ग्रीनलँडच्या या पूर्व काठावर
जहाज वर्षातून दोनदा येतं.
बाकीचे दिवस धक्क्याच्या खुंटांना कुत्री बांधलेली असतात.

लोकांना वाटतं, इथे माल उतरतो.
उतरतं ते गेल्या वर्षीचं मन.
तेव्हा मागितलेले बूट आत्ता पोचतात,
पाय तोवर दोन नंबर पुढे गेलेला.
जिला पाळणा हवा होता
तिचं पोर माझ्या शेजारी उभं राहून
स्वतःचा पाळणा उतरताना बघतं.

या खेपेला बर्फ लवकर निघाला उत्तरेकडून.
कप्तान टॉर्किल रेडिओवर म्हणाला, सहा तास.
वर एक मिनिट नाही. माझ्या मागे दार लागतंय.

चार तास डिझेलनेच खाल्ले.
नळी जोडलेली असताना क्रेन हलवायची नाही, असा नियम.
उयूत सांध्यापाशी बादली धरून बसलेला,
एकेक थेंब झेलत,
कारण सांडलेल्या थेंबाचा वास
हिवाळाभर सीलच्या मटणाला येतो.
उरलेल्या दोन तासांत त्रेचाळीस कंटेनर.
आधी काय, ते मी ठरवायचं.
औषधं. पीठ. काडतुसं.
बटाटे, गोठले तर नुसता चिखल.
शाळेच्या खिडक्यांच्या काचा.
त्या आठवड्यात सगळं गाव माझ्याशी गोड बोलतं.

क्रेनवर एनोक. तीस वर्षं.
हात असा, की अंड्यांचं खोकं
टेकलं कधी, ते जमिनीलाही कळू नये.

सदतिसाव्या कंटेनरात: रंग, पिवळा, डबे बारा.
मागणी बिबियानेची. एनोकची बायको.
घर पिवळं करू म्हणत होती,
धुक्यात होडीवरनं दिसायला हवं तुला.
फेब्रुवारीत गेली.
जमीन उकलेपर्यंत आम्ही थांबलो, जूनपर्यंत.
यादीतलं नाव मी खोडलं नव्हतं.
त्यासाठी रकानाच नाही.

एनोकने डबे उचलले.
हवेत ते जरा जास्तच वेळ राहिले.
टॉर्किलने भोंगा दिला. पुन्हा दिला.
उयूत वर बघत होता, तोंड उघडं ठेवून.
मग टेकले.
आवाज आला नाही.

जाताना जहाज नेतं हॅलिबट, भंगार, रिकामे कंटेनर,
आणि दरवर्षी कुणाचा तरी बिघडलेला फ्रीज, दुरुस्तीला.
यावर आम्ही दरवर्षी हसतो.
यंदाही हसलो.

रंग गोठला की वाया जातो,
म्हणून डबे उबदार कोठारात ठेवले, कांद्यांच्या शेजारी.
एनोक न्यायला आला नाही.
रोज कोठारावरून जायचा,
बर्फाची जाडी मोजायला, आपण होऊन,
ते काम त्याचं नसताना.
तीस दिवसांनी नियमाप्रमाणे मी लिहिलं:
न उचललेला माल.

नोव्हेंबरात पुढच्या वर्षीच्या मागण्या घेते.
दिवसाचा उजेड तेव्हा जेवणाच्या सुट्टीएवढा.
एनोक आला, दारातच बुटांवरचा बर्फ झटकत राहिला,
झटकण्याजोगा काही उरला नव्हता तरी.
मग म्हणाला, लिही.
ब्रश, चार इंची, नग एक.

ब्रश दुकानात होते.
तिसऱ्या फळीवर, खिळ्यांच्या डब्यामागे,
मीच लावले होते.

मी बोलले नाही.
लिहून घेतलं.
पोचण्याची तारीख: बर्फ देईल तेव्हा.